घरकुल कुणाचं, ठेका कुणाचा?

(मे २००९ मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर पाड्यावर झालेल्या शिबिरातलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे, चार-दोन ठिकाणी वाक्य सरळ केलं आहे.)



आयाबायांनो, बाबांनो, आणि मागं झाडाखाली उभ्या असलेल्या पोरांनो, तुम्ही पण पुढं या. तुमच्यासाठीच जास्त बोलायचं आहे. तुमच्यातले निम्मे तरी विरार-भिवंडीच्या बांधकामावर बिगारी करून आलात, काही जण कालच भट्टीवरून उतरलात. घर कसं बांधतात हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

शिबिराच्या कागदावर आमच्या नावापुढं 'घरकुल योजना' असा विषय लिहिला आहे. योजनेची माहिती ग्रामसेवकानं द्यायची असते, तो पगार घेतो त्याचा. आम्ही बोलणार आहोत ठेकेदारावर. कारण या मोसमात आम्ही चार कार्यकर्ते वनहक्काच्या दाव्यांसाठी पाड्यापाड्यांत फिरलो. फॉर्म भरायचे, पुरावे जोडायचे, समितीबरोबर प्लॉटवर जायचं, एवढंच आमचं काम. पण जिथं गेलो तिथं एक गोष्ट आडवी आली. घरकुल कुणी बांधलं असं विचारलं की लोक म्हणायचे, "शेठनं बांधून दिलं." 'आम्ही बांधलं' असं कुणी म्हणेना. 'सरकारनं दिलं' असं पण फार जण म्हणाले नाहीत. शेठनं दिलं. आणि मग विचारलं की प्लॉटवरचं जुनं घर कुठं आहे, तर तेही शेठनंच मोडलेलं.

दुसऱ्याचं कशाला, आमच्या घरचंच सांगतो.

आमचं जुनं घर वर प्लॉटवर होतं, रस्त्यापासून वीस मिनिटं चढायचं. आजानं बांधलेलं. सहा मेढी सागाच्या, दोन ऐनाच्या. कारवीचा कूड, शेणमातीनं लिपलेला, पुढच्या अंगाला कौलं आणि मागं पेंढा. दरवर्षी मे महिन्यात शाकारायचं, तेव्हा आख्खा पाडा सावडीनं यायचा, पैसा कुणी मागायचा नाही, फक्त जेवण लागायचं.

२००७ मध्ये यादीत बाबाचं नाव आलं. नाव आलं हे आम्हाला ग्रामसेवकाच्या आधी ठेकेदारानं सांगितलं, यावरूनच समजा काय ते. तो म्हणाला, ट्रक वर चढत नाही. जंगलच्या जागेत पक्कं बांधू लागलात तर गार्ड अडवेल. खाली रस्त्याला लागून बांधू, सगळं मी बघतो, तुम्ही फक्त सही करा. बाबाला मोटरसायकलवर बसवून बँकेत नेलं. खातं उघडलं. पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांवर अंगठे घेतले. पासबुक "तुमच्याकडं हरवेल" म्हणून स्वतःकडं ठेवलं. तेव्हा घरकुलाला २५ हजार मिळायचे, डोंगराळ भागात साडेसत्तावीस. बाबा तीनदा बँकेत गेला आणि तिन्ही वेळा बाहेर येऊन ठेकेदाराचा वडापाव खाल्ला. त्या पैशांतलं तेवढंच आमच्या पोटात गेलं.

मग तो म्हणाला, जुनं घर मोडा, साहेबाला ते दिसलं तर हप्ता अडेल. आम्ही तेव्हा बारावीच्या परीक्षेत होतो. घरात शिकलेलं माणूस असून कुणी विचारलं नाही की असं कुठं लिहिलंय. घर मोडलं. सहाही सागाच्या मेढी टेम्पोत चढवल्या, "मजुरीत वळत्या केल्या" म्हणाला. आता बघा, आपण एक वासा डोक्यावर आणला तर गार्ड गुन्हा घालतो, दंडाची पावती फाडतो. तो टेम्पो भरदिवसा नाक्यावरून गेला.

नवं घर झालं. पहिल्याच पावसात भिंत आणि पत्रा यांच्या सांध्यातून पाणी आलं, दुसऱ्या वर्षी एका कोपऱ्यात जमीन खचली. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नाही. आईनं बाजूला कुडाची पडवी काढली, ती तिथंच रांधते, तिथंच निजते. घरकुलात कणगी आणि शेळ्या राहतात. हसू नका, तुमच्याकडं पण तसंच आहे, आम्ही बघितलंय.

आता कागद काय म्हणतो ते ऐका. इंदिरा आवास योजनेच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांत स्पष्ट लिहिलंय की घरकुलाच्या बांधकामात ठेकेदार लावायचा नाही. ठेकेदाराकडून बांधलेलं आढळलं तर केंद्र सरकार राज्याकडून पैसे परत घेऊ शकतं, इथपर्यंत लिहिलंय. घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, सामान स्वतः आणायचं, गवंडी स्वतः ठरवायचा, घरच्यांनी मजुरी करायची. घर कमीत कमी २० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २१५ चौरस फूट हवं, पण नमुना ठरलेला नाही. हेच छप्पर, हीच भिंत असली सक्ती नाही. घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर करायचं. संडास आणि बिनधुराची चूल पाहिजे. २००८ पासून रक्कम ३५ हजार झाली आहे, डोंगराळ भागात साडेअडतीस.

म्हणजे ज्या माणसाला कायद्यानं मनाई आहे, तोच आपल्याकडं योजना चालवतो. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात पण ठेकेदाराला मनाई आहे. आणि मागं गेलो तर म्हातारी माणसं सांगतील, १९४७ पासून जंगल कामगार सोसायट्या काढल्या त्या कशासाठी? कूपतोडीतला ठेकेदार हटवण्यासाठीच. पण सोसायटीची पाटी लागली आणि पाटीमागं तोच शेठ बसला, असं आमच्या आजानं किती वेळा सांगितलं. बंदी आली की तो जात नाही, कपडे बदलून येतो.

कपडे बदलून येतो म्हणजे काय, तेही बोलू. तीन पाड्यांत ठेकेदार आपलाच माणूस निघाला. आपल्याच जातीचा, आपल्याच देवाला कोंबडा देणारा. आणि लपवायचं कशाला, संघटनेचा एक जुना कार्यकर्ता पण घरकुलं घेतो. मागच्या बैठकीत विषय काढला तर उठून गेला. आम्हाला वाईट वाटलं, कारण मोर्च्यात घोषणा कशी द्यायची हे त्याच्याकडूनच शिकलो. पण विषय सोडलेला नाही.

आता खरा प्रश्न. बंदी आहे, फसवतो हे माहीत आहे, मग आपण त्याच्याकडं जातो का? नुसतं 'लोक अडाणी आहेत' म्हणणारे साहेब खोटं बोलतात. पैसा हप्त्यानं येतो. जोतं झालं की पुढचा हप्ता, भिंती वर गेल्या की त्याच्या पुढचा. मधल्या वेळात सिमेंट कुणाच्या पैशानं आणायचं? पहिल्या हप्त्यात पाया पुरा होत नाही, आणि पाया पुरा झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही. दुसरं म्हणजे फेऱ्या. पंचायत समितीत इंजिनिअर मंगळवारी असेल सांगतात, मंगळवारी गेलं तर तो साइटवर. एका फेरीला एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. तो ठेकेदार ही दोन ओझी उचलतो, उसने पैसे आणि फेऱ्या. हे खरं आहे. म्हणून लोक त्याला शिव्या देतात आणि त्याच्याकडंच जातात. आपल्याला तो नको असेल तर ही दोन ओझी आपण कशी उचलायची ते बोलावं लागेल, नुसती त्याच्या नावानं घोषणा देऊन भागणार नाही.

आणि या दोन ओझ्यांची किंमत तो काय घेतो ते भिंतीत बघा. पाया खणताना मुरूम लागेपर्यंत खाली जायचं असतं, तो गुडघाभर खणून दगड टाकतो. वीट अर्धी भाजलेली, पिवळी. दोन विटा एकमेकीवर आपटा, खणखणीत आवाज आला तर भाजलेली, धप्प आवाज आला तर कच्ची, हे भट्टीवरच्या पोरालाही कळतं. रेती खाडीची, खारी. दोन वर्षांत भिंतीतून मीठ फुटतं आणि गिलावा गळतो. एका पाटी सिमेंटला सहा पाट्या रेती सांगतात, तो बारा घालतो. आणि पाणी! बांधकामाला निदान सात दिवस, जमलं तर जास्त, पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट घट्ट होत नाही. मे महिन्यात पाणी कुठून येतं? झऱ्यावरून, बायांच्या डोक्यावरून. आमच्या आईनं ठेकेदाराच्या भिंतीला हंड्या-हंड्यानं पाणी घातलं. विटा बाबानं उचलल्या, रेती आम्ही चाळली. मजुरी मागितली तर काय म्हणाला? "घर तुमचंच आहे, मजुरी कसली?"

बायांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. १९४५ मध्ये आपल्या वारली माणसांनी शामराव आणि गोदावरी परुळेकरांबरोबर उठून वेठ बंद केली. फुकट राबवणं म्हणजे वेठ. तेव्हाची वेठ सावकाराच्या शेतात होती, आताची आपल्याच घराच्या भिंतीत आहे. कागदावर मात्र मजुरी लागलेली असते. ती कुणाच्या नावानं लागली ते आम्ही एका पाड्यात विचारलं, तेव्हापासून आम्हाला तिथं चहा मिळत नाही.

भट्टीचं पण बोलायलाच पाहिजे. दिवाळी झाली की उचल घेऊन आपली कुटुंबं भट्टीवर जातात. भिवंडी, वसई, मुंबई, सगळीकडच्या इमारतींना वीट आपल्या हातची. आणि आपल्या घरकुलाला कच्ची वीट, ती पण उधारीवर. कधीकधी उचल देणारा भट्टीवाला आणि घरकुल घेणारा ठेकेदार एकमेकांचे पाहुणे असतात. एकाच पाड्याला दोन्ही बाजूंनी धरतात.

इतकं सगळं झालं तरी आम्ही म्हटलं असतं की जाऊ दे, एक घर खराब झालं. पण यापेक्षा मोठी गोष्ट गेली, आणि त्यासाठीच आज उभे आहोत.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम २००८ मध्ये आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा आहे हे दाखवावं लागतं. कायद्यातला हक्क नुसता कसण्याचा नाही, राहण्याचा पण आहे, हे विसरू नका. नियम १३ मध्ये पुरावे कोणते ते दिलेत, आणि त्यातले एकापेक्षा जास्त लागतात. त्यात घर आणि झोपडी आहे. जमिनीची केलेली सपाटी, बांध, बंधारा आहे. घरपट्टीची पावती आहे. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब आहे. म्हणजे सरकारच्या दारात आपला सातबारा नसेल, पण आजाची सागाची मेढ हा पुरावा आहे. ती मेढ ठेकेदाराच्या टेम्पोतून गेली.

मागच्या वर्षी वनहक्क समिती आमच्या प्लॉटवर आली, जंगल खात्याचा माणूस पण आला. त्यानं विचारलं, "घर कुठं आहे? हे तर रस्त्यावर राहतात." त्याचं काय चुकलं? समोर घर नव्हतंच. ग्रामपंचायतीत बघितलं तर घरपट्टीचा जुना नंबर काढून रस्त्याच्या घराला लावलेला. दोन वर्षांपूर्वीचं घर आणि त्याच्या आधीची चाळीस वर्षं, सगळं एका रेघेत खोडलेलं.

तेव्हा शेजारची म्हातारी आजी पुढं झाली. तिला नीट दिसत नाही. ती जोत्यावर चढली, पायानं चाचपत गेली आणि एका जागी बसली. म्हणाली, "इथं चूल. इथं माझ्या हातानं तिच्या सासूचं बाळंतपण केलं." गवत बाजूला केलं तर चुलीचे तीन दगड जागच्या जागी होते, खाली काळी माती. मेढींचे खड्डे पण सापडले, आठच्या आठ. समितीनं ते मोजले, नकाशात घेतले, आजीचा जबाब लिहिला, अंगठा घेतला. ग्रामसभेनं ठराव केला. दावा आता उपविभागीय समितीकडं आहे. मंजूर होईल की नाही ते आम्ही आज सांगू शकत नाही. पण घर उभं असतं तर एवढं चाचपावं लागलं नसतं.

म्हणून एवढं ऐका. रस्त्याला घरकुल बांधणं हा गुन्हा नाही. पोरांना शाळा जवळ पडते, दुखलं-खुपलं तर गाडी मिळते, तुम्हाला खाली यायचं असेल तर या. पण वरचं घर मोडू नका. जुनं घर मोडल्याशिवाय हप्ता नाही असा नियम दाखव म्हणा, लेखी दाखव. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून कुणाला काढता येत नाही, हे कलम ४ (५) मध्ये आहे. मग आपणच आपल्याला का काढायचं? वरच्या घरात दिवा लावा, शेळी बांधा, शाकारत राहा. ज्यांचं मोडून झालं त्यांनी जोत्यावर नांगर फिरवू नका, दगड हलवू नका.

आता ठेकेदाराशिवाय बांधता येतं का, ते. एका पाड्यात मागच्या वर्षी करून बघितलं. पाच कुटुंबं. त्यांची जुनी घरं गावठाणातच होती, त्यामुळं मोडायला हरकत नव्हती. पाचांनी एकत्र सिमेंट घ्यायचं, बायांच्या बचत गटानं पहिल्या सामानाला पैसे उसने द्यायचे, फेऱ्या एकानंच मारायच्या आणि त्याच्या शेतात बाकीच्यांनी सावड द्यायची. गवंडी आपलाच, विरारला आठ वर्षं काम केलेला पोरगा. दोन कुटुंबांनी भट्टीवरच्या हिशोबातले थोडे पैसे विटांत मागितले. मालक आधी हसला, मग दिल्या, चांगल्या भाजलेल्या.

सगळं गोड झालं असं समजू नका. अवकाळी पाऊस आला आणि आठ गोणी सिमेंट दगड झालं. त्या कुणाच्या, यावरून भांडण झालं, कारण पहिला महिनाभर आम्ही वहीच ठेवली नव्हती. ती चूक आमची, कार्यकर्त्यांची. हप्ता दोन महिने लांबला तेव्हा दोन कुटुंबं थकली आणि ठेकेदाराकडं गेली. त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. तीन घरं उभी राहिली. जुन्या मेढी आणि जुनी कौलं वापरली, खिडकीपर्यंत वीट आणि दोन घरांना वर कारवीचा कूड. इंजिनिअर म्हणाला हे पक्कं घर नाही. गवंडी पोरानं त्याला मार्गदर्शक सूचनांची झेरॉक्स दाखवली, नमुन्याची सक्ती नाही ते वाक्य लाल पेनानं खूण केलेलं. त्यानं दोनदा वाचलं आणि सही केली. साडेअडतीस हजारांत भागलं नाही, वर पदरचे गेले. एका घराला अजून दार नाही, गोणपाट लावलंय. पण पाऊस आत आला नाही, आणि कणगीबरोबर माणसं पण आत निजतात.

शेवटचं. आत्ताच मतदान झालं, मतं मागायला आलेल्या सगळ्यांनी पक्कं घर देतो म्हणून सांगितलं. नव्या याद्या लागतील, आणि पावसाळा संपला की ठेकेदार मोटरसायकल काढेल. त्याच्या आधी आपलं काम व्हायला पाहिजे. ज्यांचं पासबुक ठेकेदाराकडं आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडं नाव सांगा. आतापर्यंत चौदा नावं झाली आहेत. सोमवारी सगळे मिळून बँकेत जायचं, खात्याचा उतारा मागायचा आणि कोऱ्या स्लिपांवरचे अंगठे चालणार नाहीत असा अर्ज द्यायचा. एकट्यानं जाऊ नका, एकट्याला उद्या या म्हणतात.

आणि ज्यांच्या प्लॉटवर नुसतं जोतं उरलंय, त्यांच्याकडं उद्या सकाळी ऊन चढायच्या आत निघू. टेप आमच्याकडं एकच आहे, कुणाकडं गवंड्याची असेल तर आणा. आणि प्रत्येक घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर घ्या. चालवत नसेल तर डोली करू.